मार्गदर्शित गिर्यारोहण मोहीम (खानदेशच्या संदर्भात)

हिमाच्छादित शिखरावर व्यावसायिक मार्गदर्शकाच्या नेतृत्वाखाली, शुल्क भरून, अनेक दिवसांच्या चढाईत सहभागी होण्याची पद्धत. डोंगरभटकंतीत वाट बहुधा मळलेली असते. येथे ती हिमनदी, बर्फाचा उतार आणि सुटा खडक यांतून दोर, क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे धातूचे दाते) व आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुऱ्हाड) यांच्या आधाराने काढावी लागते. ती कोठून काढायची, केव्हा थांबायचे आणि केव्हा परत फिरायचे हा अधिकार मार्गदर्शकाकडे असतो. शुल्काच्या बदल्यात सहभागी व्यक्तीला जे मिळते त्यात तंबू, जेवण आणि साहित्य यांपेक्षा हा निर्णय अधिक मोलाचा होय. पुढील नोंदीत खानदेश म्हणजे जळगाव, धुळे व नंदुरबार हे तीन जिल्हे. जुना खानदेश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असा विभागला गेला, तर नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला.

या पद्धतीचा उगम आल्प्स पर्वतात, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा आजच्या फ्रान्समधील शामोनीच्या खोऱ्यात झाला असे सामान्यतः मानतात. त्याआधीही डोंगरावर वाटाडे नेले जात. फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्या आज्ञेवरून १४९२ मध्ये आंत्वान द व्हील याने शिड्या लावून माँ एगुई हा सुळका सर केला होता. मात्र ती राजाज्ञेची कामगिरी होती. मोबदला घेऊन परक्या माणसाला शिखरावर नेणे हा पोटाचा धंदा म्हणून त्यातून उभा राहिला नाही. जिनीव्हाचा निसर्गशास्त्रज्ञ ओरास बेनेडिक्ट द सोस्यूर याने १७६० मध्ये माँ ब्लाँ या सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या शिखराची वाट शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले, तेथपासून हा इतिहास सलग सांगता येतो. खोऱ्यातील स्फटिक गोळा करणारे आणि शॅमॉय हरणांचे शिकारी हिमनद्यांवर आधीपासून वावरत होते. पुढे तेच मार्गदर्शक झाले.

८ ऑगस्ट १७८६ रोजी सायंकाळी स्फटिक गोळा करणारा झाक बाल्मा आणि शामोनीचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे दोघे माँ ब्लाँच्या माथ्यावर पोहोचले. या चढाईचे श्रेय कोणाचे, यावरचा वाद शतकाहून अधिक काळ चालला. स्वतः शिखर गाठू न शकलेल्या मार्क-तेओदोर बूरी याने लगेचच पत्रक काढून सारे यश बाल्माला दिले आणि पाकारला मागे रखडणारा सोबती ठरवले. १८३२ मध्ये वृद्ध बाल्माने कादंबरीकार आलेक्सांद्र द्यूमा याला जी हकीगत सांगितली तिने हेच चित्र पक्के केले. शामोनीत १८८७ मध्ये उभारलेल्या स्मारकात बाल्मा सोस्यूरला शिखर दाखवताना दिसतो, पाकारला त्यात जागा नाही. विसाव्या शतकात फोन गेर्सडोर्फ या जर्मन सरदाराची टिपणे व रेखाटने अभ्यासली गेली, तेव्हा बाजू पालटली. त्याने त्या दिवशी खालून दुर्बिणीतून दोघांची चढाई पाहिली होती, आणि दोघे आळीपाळीने पुढे होत होते असे त्यावरून दिसते. पाकारचा स्वतंत्र पुतळा द्विशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९८६ मध्ये बसवला गेला. आज अभ्यासकांचा कल दोघांना समान श्रेय देण्याकडे आहे, आणि प्रत्यक्षदर्शी टिपणांचा पुरावा पाहता तोच स्वीकारार्ह वाटतो. या वादाला येथे एवढी जागा देण्याचे कारण असे की, शिखर कोणी सर केले, पैसे देणाऱ्याने की नेणाऱ्याने, हा प्रश्न या व्यवसायाच्या जन्माबरोबरच आला. पुढच्या वर्षी सोस्यूर स्वतः माथ्यावर गेला तो १८ मार्गदर्शकांना घेऊन. त्यांपैकी फारच थोड्यांची नावे सामान्य वाचकाला ठाऊक असतात.

मार्गदर्शकांची संघटना एका अपघातातून उभी राहिली. १८२० मध्ये डॉ. हामेल यांची तुकडी ताज्या हिमवृष्टीनंतर माँ ब्लाँकडे निघाली. मार्गदर्शक नाखूश होते, पाहुण्यांच्या आग्रहामुळे ते निघाले, असे बहुतेक वृत्तांतांत येते. हिमलोट कोसळून तीन मार्गदर्शक बर्फाच्या भेगेत गाडले गेले. पाहुणे वाचले. त्या तिघांचे अवशेष १८६१ मध्ये, ४१ वर्षांनी, हिमनदीच्या खालच्या टोकाशी बाहेर आले. अपघातानंतरच्या वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीची मार्गदर्शक संस्था स्थापन झाली. काम पाळीपाळीने वाटून देणे आणि जखमी मार्गदर्शकांना व मृतांच्या कुटुंबांना मदत करणे ही तिची सुरुवातीची कामे होत. १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधील मॅटरहॉर्न शिखरावरून उतरताना दोर तुटून चौघे दगावले. त्यांत मिशेल क्रो हा नामांकित मार्गदर्शक होता, आणि ज्याचा पाय घसरला तो हॅडो हा तरुण अननुभवी होता. वेगवेगळ्या देशांतील मार्गदर्शकांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९६५ मध्ये स्थापन झाला. त्याची पात्रता मिळवण्यासाठी खडक, बर्फ, स्कीइंग आणि बचावकार्य यांचे कित्येक वर्षांचे प्रशिक्षण लागते.

हिमालयात ही पद्धत प्रथम युरोपीय मार्गदर्शकांबरोबर आली. १९०७ मध्ये टॉम लाँगस्टाफ याने त्रिशूल हे ७,१२० मीटरांचे शिखर सर केले, तेव्हा त्याच्याबरोबर ब्रोशेरेल हे दोन आल्पाइन मार्गदर्शक बंधू आणि करबीर हा गुरखा सैनिक होता. पुढे शेर्पांनी हे काम हाती घेतले. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट १९५४ मध्ये आणि उत्तरकाशीची नेहरू इन्स्टिट्यूट १९६५ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात मात्र गिर्यारोहण वाढले ते क्लबांतून. लीडर हा क्लबचाच अनुभवी सभासद असे आणि तो मानधन घेत नसे. पैसे देऊन मार्गदर्शक घेण्याची सवय त्यामुळे येथे उशिरा लागली, आणि अजूनही अनेक सहभागी मार्गदर्शकाला टूर मॅनेजर समजून वागतात.

ही समजूत धोक्याची आहे. १८२० मध्ये जे घडले ते १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर वेगळ्या रूपात घडले. दुपारची ठरलेली परतीची वेळ टळून गेल्यावरही काही चढाऊ व त्यांचे मार्गदर्शक वर जात राहिले, वादळाने गाठले, आणि आठ जण मृत्युमुखी पडले. त्यांत रॉब हॉल आणि स्कॉट फिशर हे दोन व्यावसायिक मोहिमांचे प्रमुख होते. भरलेल्या रकमेचा आणि आग्रहाचा दाब मार्गदर्शकाच्या निर्णयावर पडतो, हे या दोन्ही घटनांत दिसते. म्हणून मोहिमेत नाव नोंदवण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न ‘समिट किती जणांना होतो’ हा नसून ‘परत फिरण्याची वेळ काय आणि ती कोण ठरवतो’ हा असावा. त्यानंतर एका मार्गदर्शकामागे किती जण, त्याचे प्रशिक्षण कोठे झाले, सॅटेलाइट फोन व ऑक्सिजन बरोबर असतो का, विमा कोणत्या उंचीपर्यंत चालतो आणि शिखराची परवानगी कोणाच्या नावे आहे, हे प्रश्न येतात. उत्तम मार्गदर्शन असूनही धोका पूर्ण टळत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमलोट आला आणि २९ जणांचा बळी गेला. त्यांत प्रशिक्षकही होते.

नवशिक्यांसाठी भारतात मनालीजवळचे फ्रेंडशिप शिखर (५,२८९ मीटर) नेहमी निवडले जाते. मोहीम साधारण आठवडाभराची असते. पहिले दिवस सोलंग खोऱ्यातून वर सरकण्यात जातात. मग एक दिवस बर्फावरच्या सरावाचा. त्यात क्रॅम्पॉन बांधणे शिकवतात. पट्ट्याचे बक्कल पायाच्या बाहेरच्या बाजूस यावे लागते, सुटे टोक खोचावे लागते, आणि चालताना दोन पायांत नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे लागते. तसे न केल्यास एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (नडगीवरच्या आवरणात) अडकतात, आणि बर्फावरच्या पुष्कळ पडझडी अशाच होतात. घसरल्यावर आइस अ‍ॅक्स छातीखाली घेऊन, टोक बर्फात रुतवून स्वतःला थांबवण्याचा सराव सुरक्षित उतारावर पुन्हा पुन्हा करून घेतात. सरावाच्या या दिवसाकडे थकवा घालवण्याचा दिवस म्हणून पाहणारे सहभागी शिखराच्या दिवशी अडचणीत येतात.

शिखराकडे निघण्याची वेळ मध्यरात्रीनंतरची असते. रात्री गोठलेला बर्फ कडक असतो, दाते नीट धरतात. ऊन चढले की तोच बर्फ भुसभुशीत होतो, भेगांवरचे बर्फाचे पूल कमकुवत होतात आणि वरून दगड सुटतात. दुपारच्या आत उतरून येण्याचा आग्रह यामुळेच असतो. हिमनदीवर सगळे एका दोरात बांधलेले असतात आणि दोर ना फार ढिला ना ताठ ठेवायचा असतो. पुढच्याने थांबल्यावर मागच्याने पुढे सरकून दोर गोळा करू नये, हा नियम पहिल्या तासात हमखास मोडला जातो.

विरळ हवेचा भाग खानदेशातील सहभागींसाठी विशेष महत्त्वाचा आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. सुमारे ५,५०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे व झोप न लागणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे. विश्रांती घेत असतानाही दम लागणे हे फुप्फुसात पाणी साठल्याचे, तर तोल जाणे व असंबद्ध बोलणे हे मेंदूला सूज आल्याचे चिन्ह असू शकते. तेव्हा खाली उतरणे हाच मुख्य उपचार होय. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, अशी वैद्यकीय शिफारस आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. शरीराची तंदुरुस्ती या आजारापासून वाचवत नाही. उलट दमदार पळणारे वेगाने वर जातात आणि आधी आजारी पडतात, असा अनुभव मार्गदर्शक सांगतात. रात्रीच्या जेवणात ताटात किती उरले यावर त्यांची नजर असते ती यासाठी. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळते, त्यामुळे डाळ-तांदूळ कुकरशिवाय शिजत नाहीत. घरची खिचडी तेथे मिळाली तरी घशाखाली उतरतेच असे नाही. डोके दुखत असल्याचे लपवणे हा सहभागीच्या हातून होणारा सर्वांत घातक अपराध मानावा.

रेल्वेने गेल्यास उंचीतला हा बदल थोडा सौम्य होतो. जळगाव व भुसावळ ही स्थानके मुंबई–इटारसी–दिल्ली मार्गावर आहेत, आणि दिल्लीहून बसने मनाली गाठली तर शरीर पहिल्या टप्प्यात सुमारे २,००० मीटरांवरच पोहोचते. लेहला विमानाने उतरणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो काही तासांत सुमारे ३,५०० मीटरांवर येतो. तेथे निदान दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी.

तयारीसाठी खानदेशात डोंगर आहेत, बर्फ नाही. सातपुड्यातील तोरणमाळचे पठार सुमारे १,१५० मीटर उंचीवर आहे. धुळ्याजवळचा लळिंग आणि चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या परिसरातील कण्हेरगड सरावाला सोयीचे आहेत. साल्हेर (१,५६७ मीटर) आता नाशिक जिल्ह्यात येतो, तथापि त्याचा बागलाण प्रदेश १८६९ पर्यंत खानदेशात मोडत होता. पाठीवर वजन घेऊन सलग पाच-सहा तास चढणे-उतरणे या डोंगरांवर साधते. उतरण्याचा सराव बहुतेक जण टाळतात, आणि गुडघे उतरतानाच दगा देतात. उन्हाळ्यात येथे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा सराव पहाटेच करावा. बेसाल्टच्या कड्यावर मिळवलेला आत्मविश्वास बर्फावर जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. ज्यांना एकापेक्षा अधिक मोहिमा करायच्या आहेत त्यांनी गिर्यारोहण संस्थेतील सुमारे २८ दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम आधी करावा, हे मत अधिक ग्राह्य आहे.

जाणत्यांच्या मागे रांगेने डोंगर चढण्याची स्वतंत्र परंपरा या प्रदेशात आहे. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात सुमारे १,३२५ मीटर उंचीच्या अस्तंबा डोंगरावर दिवाळीच्या सुमारास यात्रा भरते. तळोद्याच्या बाजूने भाविक पायी निघतात आणि बऱ्याच वाटेवर रात्रीची चाल असते. कपाळाची जखम घेऊन भटकणारा अश्वत्थामा तेल मागतो आणि वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, अशी समजूत सातपुडा व नर्मदाकाठी सर्वत्र आढळते. यात्रेचा उगम महाभारतकथेशी जोडला जातो. मात्र डोंगरालाच देव मानणाऱ्या आदिवासी परंपरेवर हे नाव मागाहून आले असावे, हा पक्ष अधिक संभवनीय वाटतो. दोर, शुल्क आणि करार यांचा या यात्रेशी संबंध नाही, त्यामुळे तिला गिर्यारोहण मोहिमेचे पूर्वरूप म्हणता येणार नाही.

हिमालयातील मोहिमांचे हंगाम दोन: मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. शेतकरी कुटुंबांतील सहभागींना पहिला सोयीचा पडतो, कारण मृगाच्या पेरणीआधी हात मोकळे असतात. मात्र मे महिन्यात खालचा बर्फ अजून भरपूर असतो आणि थेट खानदेशच्या उन्हाळ्यातून थंडीत जावे लागते. दुसऱ्या हंगामात हवा अधिक स्वच्छ असते, भेगा उघड्या पडलेल्या असतात, आणि कापसाच्या वेचणीची वेळ जवळ आलेली असते.