थरच्या वाळूत बी कुणाच्या पोटात जातं आणि मग त्याचं काय होतं
(जैसलमेर टूरला येणाऱ्यांसाठी)

नमस्कार मंडळी, किल्ला, उंटसवारी, सनसेट हे सगळं बघणारच आहात, पण आमची इच्छा आहे की तुम्ही थोडा वेळ खाली वाळूकडेही बघा.

डेझर्ट नॅशनल पार्कच्या आजूबाजूला बकऱ्यांच्या लेंड्या जागोजागी दिसतील, एखादी वाळलेली काडीने फोडून बघा, आत कधीकधी तपकिरी गुळगुळीत बी अख्खंच सापडतं. खेजडीचं असेल, म्हणजे आपण दसऱ्याला पूजतो ती शमी. या बीचं कवच इतकं टणक की पाणी सहज आत शिरत नाही, पोटातून गेलं की ते जरा नरम पडतं, वर खतही आयतं मिळतं. सगळंच वाचतं असं नाही, बरंचसं दाढेखाली चिरडतं, पण झाडाखालीच पडून राहिलेल्या शेंगा भुंगेरे पोखरतात, त्यापेक्षा बकरीच्या पोटात गेलेलं बरं.

पण हीच बकरी वेडी बाभूळही पेरत सुटते, हे मात्र बघून जीव तुटतो. झाड मूळचं अमेरिका खंडातलं, जोधपूर संस्थानाने 1940 च्या सुमारास मुद्दाम वाढवलं, आता गुरं गोड शेंगा खातात, पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, मग झाड वाढतं आणि बी गवताळ माळावर लांबलांब पोचतं.

झाडबोरीची बोरं खोकड खातं, माळढोकही खातो, खोकडाच्या विष्ठेत आठळ्या तशाच दिसतात. मुंग्यांचं वेगळं, त्या गवताचं बी ओढून बिळात नेतात, बहुतेक खाऊन टाकतात, पण बिळाच्या तोंडाशी फोलपटांचं गोल कडं असतं ना, त्यात चुकून राहिलेलं एखादं बी पावसात रुजतं. तिथे वाकून बघा, पाय मात्र देऊ नका. दिवसाउजेडी बिळाबाहेर दिसणारे वाळवंटी उंदीरही बी खातात, त्यांना बिस्किटं घालू नका प्लीज.

आणि भुरट! या गवताचं काटेरी बोंड मेंढीच्या लोकरीत अडकून गावोगाव फिरतं, तसंच तुमच्या सॉक्समध्येही घुसणार, हाताने ओढलंत तर बोटात रुततं, आमच्या किटमध्ये चिमटा आहे तो मागून घ्या. गाडीत चढायच्या आधी बूट, सॉक्स, पँटची घडी नीट झटका, निघालेलं भुरट तिथेच वाळूत टाका, बॅगेतून घरी आणू नका.