फ्रीव्हील की कॅसेट? आधी मागच्या चकत्या उलट्या फिरवा

आमच्या मखमलाबादच्या गल्लीतला एक अकरावीतला मुलगा गेल्या रविवारी दारात उभा राहिला. एका हातात सायकलचं मागचं चाक, दुसऱ्या हातात आठ स्पीडची, म्हणजे आठ दातेरी चकत्यांची, ११-३४ कॅसेट (सर्वांत छोट्या चकतीला ११ दात, सर्वांत मोठीला ३४). "काका, बसतच नाहीये. चुकीची पाठवली वाटतं." पाठवणाऱ्याने बरोबरच पाठवली होती. चाकावर ती बसायला जागाच नव्हती, कारण चाक फ्रीव्हीलचं होतं. त्याला हसायचा मला अधिकार नाही. हाच घोळ मी सदतिसाव्या वर्षी, वाचनबिचन करून घातला होता.

फ्रीव्हील आणि कॅसेट या दोन्ही वस्तू शेजारी ठेवल्या तर फरक चटकन कळत नाही. दोन्हीकडे दातेरी चकत्यांची उतरंड, मोठी खाली, धाकटी वर. खरा प्रश्न चकत्यांचा नाहीच. पेडल थांबवलं तरी चाक पुढे पळतं ते ज्या यंत्रणेमुळे, ती टिकटिक करणारी रॅचेट आणि तिच्या दातांत अडकणाऱ्या छोट्या खिट्या (मिस्त्री त्यांना 'कुत्ते' म्हणतात), ती बसवलीय कुठे? फ्रीव्हीलमध्ये ती चकत्यांच्याच पोटात असते, आणि तो अख्खा गोळा बरणीचं झाकण लावावं तसा हबवरच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावरच्या, आट्यांवर फिरवून बसवतात. कॅसेटच्या चाकात ती हबलाच जोडलेली असते. त्या भागाला फ्रीहब म्हणतात, त्याच्या अंगावर लांब उभ्या खाचा असतात. कॅसेट म्हणजे नुसत्या चकत्या. खाचांवर सरकवायच्या आणि वरून लॉकरिंग आवळायची. शिमानोने आपलं फ्रीहब १९७८ साली आणलं, म्हणजे गोष्ट नवी अजिबात नाही. पण नाशकात रस्त्यावर दिसणाऱ्या सात स्पीडच्या साध्या एमटीबींपैकी (माउंटन बाइकपैकी) बहुतेकांच्या मागे आजही फ्रीव्हीलच आहे.

आपल्याकडे कोणतं, हे ओळखायला चकत्या सुट्या कराव्या लागत नाहीत. चाक सायकलवरून काढा आणि सर्वांत छोट्या चकतीच्या बाजूने आत बघा. पाना बसायला एक दातेरी कडं दिसेल. आता चाक धरून ठेवा आणि चकत्या उलट्या दिशेने फिरवा. कडं चकत्यांबरोबर फिरलं तर ती लॉकरिंग आहे, म्हणजे कॅसेट. चकत्या फिरल्या आणि कडं जागच्या जागी राहिलं तर फ्रीव्हील. पोराला मी हे ओट्यावर बसून करायला लावलं. तीनदा फिरवून बघितलं त्याने, मग म्हणाला, "म्हणजे हे हबलाच चिकटलंय." बरोबर.

छोट्या चकतीचे दात मोजणं हा दुसरा इशारा. सात स्पीडच्या फ्रीव्हीलवर ती बहुधा १४ ची असते, कॅसेटवर ११ किंवा १२ ची. पण हा इशाराच समजा, पुरावा नव्हे.

आता बदलायचं कशाला? लोक सांगतात ते कारण आणि खरं कारण यांत इथेच तफावत असते. "चढ चढत नाही, कॅसेट टाकायचीय," हे मी पांडवलेणीच्या पायथ्याशी चहा पिताना कितीदा तरी ऐकलंय. चढाला कॅसेट लागत नाही, मोठी चकती लागते. पुढे ४२-३४-२४ अशा तीन चकत्या आणि मागे १४-२८ चं फ्रीव्हील असेल, तर सर्वांत हलक्या गियरवर पेडलच्या एका फेरीत चाक ०.८६ फेरी जातं. त्याच हबवर १४-३४ चं फ्रीव्हील चढवलं तर ०.७१. अंजनेरी गावातून वर पायऱ्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा फरक मांड्यांना चांगला कळतो. खर्च हजाराच्या आत-बाहेर. शिफ्टर (हँडलवरचा गियर बदलायचा खटका) तोच राहतो. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दात घेतो की नाही तेवढं तपासा. लांब पिंजऱ्याचे शिमानो टूर्नी डिरेलर साधारणपणे घेतात. चेन मात्र थोडी लांब लागेल, आणि जुनी ताणली असेल तर नवीच घाला. झिजलेली चेन नव्या चकत्यांना खाते.

कॅसेटचा पहिला फायदा उलट्या टोकाला आहे. २६ इंची चाकावर मिनिटाला ८० फेऱ्या मारल्या तर ४२-१४ वर ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो, ४२-११ वर ३८ च्या आसपास. त्र्यंबकहून नाशिककडे येताना उतार लागला की पाय हवेत फिरतायत असं वाटतं ना, ते १४ दातांमुळे.

पण मला विचाराल तर खरं कारण दातांत नाही, अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे चाकाच्या आसात, आहे. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे (बेअरिंग) फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या कडेशी संपतात. तिथून सायकलच्या फ्रेमपर्यंत चांगली दोन बोटं लांबीचा अ‍ॅक्सल बिनआधाराचा राहतो, आणि मागचा सगळा भार तिथे येतो. पाच स्पीडच्या काळात फ्रीव्हील अरुंद होतं, निभावलं. सातला ते रुंद झालं आणि हा आधाराविना तुकडा वाढला. फ्रीहबमध्ये उजवे छर्रे त्याच्या बाहेरच्या टोकाला, फ्रेमच्या जवळ असतात. अ‍ॅक्सल दोन्हीकडून धरलेला.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. पहिनेच्या बाजूला पावसाळ्यात भातखाचरांशेजारच्या दगडी वाटेवर दोन-चार उड्या मारल्या (माझं वजन ८४ किलो, तेही सांगायला हवं), आणि घरी येईपर्यंत मागचं चाक फ्रेमला घासत होतं. रिम वाकली समजून तारा आवळत बसलो. एका दुकानातही तारांचेच पैसे घेतले. शेवटी चाक काढून अ‍ॅक्सल बोटांनी फिरवला, तर त्याचं टोक हवेत गोल काढत होतं. वाकलेल्या अ‍ॅक्सलची हीच खूण. क्विक रिलीज असलेल्या, म्हणजे खटका उघडून काढता येणाऱ्या, चाकात तो तुटला तरी आतली सळई दोन्ही तुकडे धरून ठेवते, त्यामुळे चाक काढेपर्यंत पत्ताही लागत नाही. एक मात्र सांगतो, पेडल थांबवल्यावर स्वस्त फ्रीव्हील थोडं डुलताना दिसतं, त्याला घाबरू नका. ते बहुधा निरुपद्रवी असतं.

तेव्हा गावात, गंगापूर धरणापर्यंत, फार तर सापुताऱ्याच्या डांबरी रस्त्यावर सायकल चालवणार असाल, तर फ्रीव्हील झिजेपर्यंत वापरा आणि झिजल्यावर १४-३४ चं घ्या. दगडांत जायचं असेल, वजन जास्त असेल किंवा शर्यतीत नाव घालायचं मनात असेल, तर "कॅसेट टाकायची" याचा अर्थ मागचं चाक बदलायचं असा घ्या. तयार चाक घेणं सोपं. मागचं चाक बसतं तिथलं फ्रेममधलं अंतर मोजा, जुन्या एमटीबीत ते बहुधा १३५ मिमी असतं, आणि डिस्क ब्रेक असेल तर डिस्क सहा बोल्टची आहे का बघा.

शिफ्टर लगेच बदलायलाच हवा असं नाही. आठ-नऊ-दहा स्पीडच्या फ्रीहबवर ४.५ मिमी जाडीची बिनदातांची चकती (स्पेसर) आधी सरकवली की सात स्पीडची कॅसेट नीट बसते. जुना शिफ्टर, जुनी चेन (ताणलेली नसेल तर), सगळं चालतं. पैसे जमले की त्याच चाकावर शिमानो देओरची अकरा स्पीडची ११-५१ कॅसेटही जाते. पुढे ३२ ची एकच चकती लावली तर ०.६३ चा गियर मिळतो, पुढचा डिरेलर निघून जातो. त्यावेळी शिफ्टर, डिरेलर, चेन सगळंच नवं लागेल हे धरून चाला. बारा स्पीडच्या १०-५१ ला मात्र वेगळंच फ्रीहब लागतं, जुन्या खाचांवर दहा दातांची चकती मावत नाही. तो विषय नव्या सायकलीचा.

पोराने कॅसेट परत केली नाही, चाकासाठी पैसे साठवतोय. जुनं फ्रीव्हील मला काढून दाखवा म्हणाला. ते पेडलच्या प्रत्येक दाबाने आवळत जातं, त्यामुळे नुसत्या पान्याने हलत नाही. आम्ही पाना व्हाइसमध्ये (शेगड्यात) घट्ट धरला, चाक वरून त्यावर बसवलं आणि रिम दोन्ही हातांनी धरून ट्रकच्या स्टेअरिंगसारखं डावीकडे ओढलं. तिसऱ्या ओढीला कट्ट आवाज झाला आणि सुटलं. जुना हब फेकायचा असेल तरी तारा कापायच्या आधी फ्रीव्हील काढा. तारा गेल्या की धरायला काहीच उरत नाही. परत लावताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हबवर आटे एकदा तिरके बसले की हब गेला.