अठराव्या वर्षीचा दम आणि पुढची अकरा वर्षे

१३ एप्रिल २००३ रोजी ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफने लंडन मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत संपवले. दर किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे १३ सेकंद. स्त्रियांचा हा विश्वविक्रम १६ वर्षे कुणालाच मोडता आला नाही. पण मला त्या विक्रमाहून मोलाची वाटते ती तिच्या शरीराची नोंद. १९९२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ती ज्युनिअर क्रॉस कंट्रीची जगज्जेती झाली. तेव्हापासून २००३ पर्यंत शरीरक्रिया-शास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स तिला ट्रेडमिलवर पळवून मोजमापे घेत राहिले.

आपण ज्याला ‘दम’ म्हणतो तो मोजता येतो. शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते, हे त्याचे माप. रॅडक्लिफचा हा आकडा अठराव्या वर्षीच वजनाच्या किलोमागे सुमारे ७० मिलिलिटर होता, सामान्य तरुणीच्या जवळजवळ दुप्पट. अकरा वर्षांनी विश्वविक्रम झाला तेव्हाही तो तितकाच होता! दम वाढलाच नव्हता. बदलला होता तो खर्च. ताशी १६ किलोमीटर वेगाने एक किलोमीटर धावायला तिला आधी वजनाच्या किलोमागे २०५ मिलिलिटर ऑक्सिजन लागायचा, तो १७५ वर आला. इंजिन तेच राहून गाडीचे ॲव्हरेज सुधारावे, तसे. वर्षानुवर्षे धावून पायांचे स्नायू बळकट होतात, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) ताठ होतात, प्रत्येक पावलाची थोडी ऊर्जा पुढच्या पावलाला परत मिळते. याला जवळची वाट नाही.

आता विदर्भाकडे येऊ. यवतमाळ, वाशीम, गडचिरोली, कुठल्याही तालुक्यात पहाटे पाचला डांबरी रस्त्यावर किंवा पांदणीने पोरी धावताना दिसतात. बहुतेक जणी पोलीस भरतीच्या ‘ग्राउंड’ची तयारी करत असतात. मुलींना ८०० मीटर धावायचे असते, तीन मिनिटांच्या आसपासचा खेळ. त्यांच्यातल्या एखादीत उपजत दम असेलही. पण तो पायांपर्यंत पोचवायचे काम रक्ताचे, आणि घोडे तिथेच अडते.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेते. एचबी, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातले हिमोग्लोबिन, १३ ग्रॅम असेल तर १०० मिलिलिटर रक्तात साधारण १७.४ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो, १० असेल तर १३.४. जवळपास चौथा हिस्सा गेला. घरकाम करताना हे जाणवत नाही. पण ८०० मीटरच्या दुसऱ्या फेरीत पोटऱ्या भरून येतात आणि पोरीला वाटते, आपल्यातच दम नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

हिमोग्लोबिन बनायला लोह लागते, आणि धावणारीचे लोह आणखी खर्ची पडते. पाळीत जाते ते वेगळे. तळपायाच्या आघातांनी काही तांबड्या पेशी फुटतात, थोडे लोह घामातून जाते. शिवाय धावून झाल्यावर तीन ते सहा तासांत यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते आणि आतडे लोह आत घ्यायला कुचराई करते. त्यात जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह आणखी कमी शोषले जाते. त्याऐवजी लिंबू, आवळा किंवा आपल्याकडची संत्री घेतली, तर भाजी-भाकरीतले लोह जास्त अंगी लागते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी टाकून देऊ नये, एवढे मी कळकळीने सांगेन.

पण विदर्भात गोष्ट लोहापाशी संपत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार बराच आहे. ‘एसएस’ पॅटर्नच्या, म्हणजे प्रत्यक्ष आजार असलेल्या, मुलीचे एचबी कमी असते ते तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच मोडतात म्हणून. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी भागत नाही. डॉक्टरांचा सल्ला हवाच. ‘एएस’ म्हणजे वाहक मुलगी निरोगी असते, ती स्पर्धेत उतरू शकते. मात्र भर उन्हात, अंगातले पाणी आटलेले असताना जिवाच्या आकांताने धावले तर वाहकांचे स्नायू मोडू लागल्याची आणि जीव गेल्याची उदाहरणे आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. म्हणून सराव हळूहळू वाढवावा, पाणी पीत राहावे, आणि पाय अचानक गळून गेले तर मास्तरांनी “अजून एक राउंड” म्हणू नये, लगेच थांबवावे. ग्राउंडला पाय ठेवण्याआधी एचबी आणि सिकलसेल या दोन तपासण्या व्हायलाच हव्यात.

आणखी एक गोष्ट घरात बोलली जात नाही. सराव वाढला, जेवण तेवढेच राहिले, की शरीर काटकसर करते आणि पाळी थांबते. पोरीला बरेच वाटते, कटकट गेली! पण त्याबरोबर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते, हाडे विरळ होतात आणि नडगीला बारीक तडा जातो. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टर गाठावा आणि ताटातली भाकरी वाढवावी.

रॅडक्लिफ पहिली मॅरेथॉन धावली तेव्हा २८ वर्षांची होती. १९८४ मध्ये स्त्रियांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारी जोन बेनॉइट २७ वर्षांची होती. साताऱ्याची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, तेव्हा तीही २७ वर्षांची. तिच्या पाठीशी रेल्वेची नोकरी होती. आपल्या गावातली पोर भरतीत दोन गुणांनी हुकली की विसाव्या-एकविसाव्या वर्षी बूट काढून ठेवते, आणि वर्षभरात तिचे लग्न ठरते. तिची ऑक्सिजनची काटकसर तर आत्ता कुठे सुरू झालेली असते.