नाव बदललं, साखळी तुटलेलीच

अमेरिकेतल्या राज्यांमध्ये गेली काही वर्षं एक विधेयक थोड्याफार फरकाने फिरतं आहे. प्लास्टिक तापवून त्याचं पायरोलिसिस करणाऱ्या कारखान्याला 'कचरा-प्रक्रिया' म्हणू नका, 'उत्पादन' म्हणा, एवढीच त्याची मागणी. २०१७ साली फ्लोरिडाने असा कायदा केला, मग वीसहून अधिक राज्यांनी. शब्द बदलला की घनकचऱ्याचे बरेचसे नियम आपोआप गळून पडतात. रसायन उद्योग याला 'प्रगत पुनर्चक्रण' म्हणतो. माझा या विधेयकांना विरोध आहे, आणि त्याचं कारण रसायनशास्त्रात आहे.

पायरोलिसिस म्हणजे ऑक्सिजनशिवाय तापवणं. ऑक्सिजन नसल्यामुळे प्लास्टिक जळत नाही, तुटतं. पॉलिथिनचा रेणू ही कार्बनच्या हजारो अणूंची माळ. साधारण ५०० अंश सेल्सिअसला ती इतकी थरथरते की गाठी सुटू लागतात. पण इथेच मेख आहे. माळेतल्या जवळजवळ सगळ्या गाठी सारख्याच घट्ट, त्यामुळे कुठली तोडायची हे उष्णतेला ठरवता येत नाही. एक तुकडा दोन कार्बनचा, शेजारचा बाराचा, तिसरा चाळिसाचा. म्हणून हाती येतो वायू, तेल आणि मेण यांचा काला. त्यातलं बरंचसं इंधन म्हणून जळतं. तेलापासून पुन्हा प्लास्टिक करायचं तर ते आठशे अंशांच्या पुढे तापवून एथिलीन, म्हणजे पॉलिथिनच्या माळेचा सुटा मणी, मिळवायचं आणि माळ पहिल्या मण्यापासून ओवायची. पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्मोकोलचं प्लास्टिक, त्यातल्या त्यात गुणी, त्याची माळ टोकाकडून मणी-मणी सुटत जाते.

शिवाय घरगुती कचरा कधीच निवडक नसतो. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. त्याचा एखादा तुकडा आत गेला तरी हायड्रोजन क्लोराइड तयार होऊन यंत्राचं पोलाद खायला लागतं. म्हणजे आधी वर्गीकरण हवंच, आणि नेमक्या त्याच कंटाळवाण्या कामातून ही जादू सुटका करील असं जाहिरात सांगते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये तिथल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी ८.७ टक्क्यांचंच पुनर्चक्रण झालं. हा आकडा व्याख्या सैल करून वाढवता येईल, कचरा तेवढाच राहील.

याहून साधा मार्ग जुनाच आहे. अमेरिकेतल्याच ओरेगन राज्याने १९७१ मध्येच कायदा केला : पेयाची बाटली घेताना अनामत भरा, रिकामी परत दिलीत की पैसे घ्या. अशा जमलेल्या 'पेट' (PET) प्लास्टिकच्या बाटल्यांचा चुरा होतो, तो धुतला जातो आणि वितळवून पुन्हा घडवला जातो. त्यात माळेच्या गाठी बहुतेक जागच्या जागी राहतात.