मध्य अमेरिकेतील ‘मिशन ट्रिप’ची पार्श्वभूमी

मध्य अमेरिकेतील गरीब वस्तीत आठ-दहा दिवस राहून घर बांधणे, औषधे वाटणे किंवा मुलांचे बायबल वर्ग घेणे, या उपक्रमाला उत्तर अमेरिकेतील चर्च ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. होंडुरासमध्ये अशा गटांना, विशेषतः वैद्यकीय गटांना, ‘ब्रिगादा’ म्हणजे तुकडी म्हटले जाते. पाहुण्यांच्या शब्दात त्यांचा हेतू आहे. यजमानांच्या शब्दात गटाने येऊन गटाने निघून जाणारी माणसे आहेत.

घोटाळा खरा ‘मिशन’ या शब्दाचा आहे. मराठी वाचकाला तो ऐकताच १८१३ साली मुंबईत आलेले आणि पुढे अहमदनगरला पसरलेले अमेरिकन मिशनरी आठवतात. ते मराठी शिकले, त्यांनी शाळा काढल्या आणि त्यांच्यातील काहींचा शेवटही याच मातीत झाला. शब्दाचा तो अर्थ ख्रिस्ती नसलेल्या समाजाला धरून होता. सोळाव्या शतकापासून कॅथलिक असलेल्या स्पॅनिशभाषक प्रदेशाला तो लावायचा का, हा प्रश्न १९१० साली एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेपुढे आला. परिषदेने लॅटिन अमेरिकेतील प्रॉटेस्टंट काम आपल्या विषयांतून वगळले, कारण त्याशिवाय अँग्लिकन पंथातील कॅथलिककडे झुकलेला गट परिषदेत सहभागी होण्यास तयार नव्हता. हा निर्णय तत्त्वाचा होता की तडजोडीचा, यावर आजही वाद घालता येतो. प्रस्तुत लेखकाला तडजोडीचा भाग मोठा वाटतो, कारण वगळलेल्यांनी तिथेच बाजूला बैठक घेतली आणि १९१६ साली पनामा येथे स्वतंत्र परिषद भरवली. लॅटिन अमेरिकेविषयीच्या त्या परिषदेत लॅटिन अमेरिकी प्रतिनिधी थोडे होते आणि कामकाजाची मुख्य भाषा इंग्रजी होती. पुढच्या शतकातील बरेच काही या एका तपशिलात आधीच दिसते.

अर्थात वाट त्याआधीच उघडली होती. ग्वातेमालात १८७३ साली उपासनेचे स्वातंत्र्य जाहीर झाले आणि १८८२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्षांनीच अमेरिकेतून एक प्रेस्बिटेरियन मिशनरी बोलावून आणला. कॅथलिक चर्चची सत्ता कमी करण्यासाठी त्यांना तो हवा होता.

अल्पमुदतीचे दौरे मात्र विमानप्रवासाच्या युगातले आहेत. १९६१ साली व्हॅटिकनने उत्तर अमेरिकेतील धर्मसंघांना दहा वर्षांत आपले दहा टक्के मनुष्यबळ लॅटिन अमेरिकेत पाठवण्याचे आवाहन केले, आणि त्याच वर्षी अमेरिकी सरकारनेही तरुण स्वयंसेवकांना परदेशी धाडण्याची योजना सुरू केली. १९६५ मध्ये ह्यूस्टनच्या एका बॅप्टिस्ट चर्चमधील तरुण पोलिओची लस देण्यासाठी होंडुरासला गेले. धर्म आणि विकासकार्य यांचे हे मिश्रण तेव्हापासून सुटलेले नाही. सर्वांत तिखट टीकाही आतूनच आली. मेक्सिकोतील क्वेर्नावाका येथे मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकवणारे केंद्र चालवणाऱ्या, व्हिएन्नात जन्मलेल्या एका धर्मगुरूने १९६८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी विद्यार्थी स्वयंसेवकांना तोंडावर सांगितले की पाहायला, शिकायला खुशाल या, मदतीला मात्र येऊ नका.

तरीही ओघ वाढतच गेला आणि त्याला बळ दिले ते आपत्तींनी. ४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात ग्वातेमालात सुमारे २३,००० माणसे दगावली. मातीच्या विटांची घरे झोपेतल्या माणसांवर कोसळली आणि मदतीबरोबर प्रॉटेस्टंट मंडळ्याही गावोगाव पोहोचल्या. १९९८ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या ‘मिच’ वादळाने एकट्या होंडुरासमध्ये पाच हजारांहून अधिक बळी घेतले. त्यानंतर घर बांधणे हा दौऱ्याचा ठरावीक कार्यक्रम बनला, आणि पुढे अमेरिकेतून दरवर्षी अशा दौऱ्यांवर जाणाऱ्यांची संख्या सुमारे १६ लाख असल्याचा अंदाज मांडला गेला.

या घरांचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला गेला. स्थानिक संस्थेने सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधलेल्या घरासाठी, विमानभाडे धरून, पाहुण्या गटाला सुमारे ३०,००० डॉलर लागत होते. आणि घर कोणी बांधले यामुळे त्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या पुढील स्थितीत फारसा फरक दिसला नाही. यावर समर्थकांचे उत्तर असे की दौरा नसता तर तो पैसा मुळात जमलाच नसता.