फिल कॉलिन्स आणि १९८० चा तुटक ड्रम : पार्श्वभूमी

वडोदऱ्याच्या दांडिया बाजार, रावपुरा भागातली ड्रम शिकणारी मराठी मुलं फिल कॉलिन्सला गायक म्हणूनच ओळखतात. प्रत्यक्षात तो आधी ड्रमर. १९५१ साली लंडनमध्ये जन्म, लहानपणी रंगमंचावर कामं, १९७० मध्ये जेनेसिस या रॉक बँडमध्ये प्रवेश. १९७५ ला मूळ गायक बाहेर पडला आणि गाणंही त्याच्याकडेच आलं.

वाद आहे तो १९८० मधल्या एका ध्वनीचा. बाहेर पडलेल्या त्या गायकाच्या तिसऱ्या अल्बमवर ड्रम वाजवायला कॉलिन्सच होता. गायकाची अट एकच: झांजा नकोत. दगडी भिंतींच्या खोलीत एक माइक टांगलेला होता, तो फक्त वादकांचं बोलणं ध्वनिमुद्रकाच्या कन्सोलवर ऐकू यावं म्हणून. कुजबुजही कळावी यासाठी त्यावर जबर कंप्रेसर (लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणारं यंत्र) लावलेला. कॉलिन्स वाजवत असताना तो माइक चालू राहिला. खोलीची सगळी आस, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा नाद, फुगून आली आणि नॉइज गेटने (आवाज ठरावीक पातळीखाली गेला की तो बंद करणाऱ्या यंत्राने) ती मध्येच छाटली. डग्ग्यावर दमदार थाप मारून आस सुटण्याआधीच तळव्याने दाबावी, तसं. मग त्या माइकची जोडणी बदलून तोच आवाज मुद्रित केला गेला.

श्रेय कुणाचं? ध्वनिमुद्रकाचं, निर्मात्याचं की गायकाचं, यावर मतं वेगळी आहेत. झांजांच्या बंदीला मात्र कमी लेखलं जातं. झांजेची लांब आस चालू राहिली असती तर गेट मिटलाच नसता. तरीही पहिला मान वाजवणाऱ्याचा. दोन ठोक्यांमध्ये मोकळी जागा सोडणारा हात नसेल तर यंत्राने छाटायचं काय? १९८१ च्या कॉलिन्सच्या पहिल्या एकल गाण्यात तीन मिनिटांहून जास्त वेळ ड्रम मशीन चालते, खरे ड्रम त्यानंतर कोसळतात. ही सबुरी तबलजीला लगेच कळेल.

पुढे त्याने इतरांचे अल्बमही घडवले: १९८२ मध्ये अ‍ॅबा या स्वीडिश पॉप गटातल्या एका गायिकेचा, १९८५ मध्ये एका नामवंत ब्लूज गिटारवादकाचा. २००९ मध्ये मानेवर शस्त्रक्रिया झाल्यावर काठी धरणंच अवघड झालं. जेनेसिसच्या २०२२ च्या अखेरच्या कार्यक्रमात तो खुर्चीत बसून गायला, ड्रमवर त्याचा मुलगा होता.

तो छाटलेला स्नेअर (ड्रम संचातल्या कडक आवाजाच्या ड्रमचा ठोका) नंतर ड्रम मशीन आणि पॅडमध्ये तयार मिळू लागला. वडोदऱ्यात नवरात्रात गरब्याच्या मंचावर ऑक्टोपॅडवाला (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅड वाजवणारा) काठी मारतो, तेव्हा तशा पॅचमध्ये, म्हणजे साठवलेल्या आवाजात, खोली, माइक आणि गेट तिन्ही आधीच भरलेले असतात.