शाळेत स्वयंसेवक येणार असतील तर

शाळेत येणाऱ्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी तपासून देणारी आमची खासगी संस्था आहे. जून उजाडला की आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो. महापालिकेच्या शाळेत शनिवारी इंग्रजी शिकवायला जाणारी आयटीतली मुलं, गणिताचे निवृत्त सर, गोष्टी सांगणाऱ्या आजी, कॉलेजचे एनएसएसवाले. पुण्यात हौसेने शाळेत जाणाऱ्यांना तोटा नाही. फोनवरची मागणी बहुधा एकच असते: "दहा जणांचं पोलीस व्हेरिफिकेशन करून द्या, सोमवारपर्यंत."

म्हणून आधीच सांगतो. पोलीस व्हेरिफिकेशन आम्ही करत नाही, ते पोलीसच करतात. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ साली सुरू झाली, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. "आम्हाला आतलं रेकॉर्ड दिसतं" असं कोणी एजन्सीवाला म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. अमेरिकेहून परत आलेले पालक विचारतात, तिकडे बोटांचे ठसे घेतात, तुम्ही का नाही घेत? घेऊन जुळवणार कशाशी? खासगी संस्थेला इथे तशी सोय नाही.

कायदा काय म्हणतो

मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा. त्याखालच्या २०२०च्या नियमांनुसार, मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करून घ्यायची आहे. शिक्षक असोत, शिपाई असोत, कायम असोत वा कंत्राटी. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याच्या प्रकारानंतर २१ ऑगस्ट २०२४ला राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शासन निर्णय काढला. बाहेरून घेतलेले सुरक्षारक्षक, सफाई कामगार, मदतनीस, बसचालक यांना नेमण्याआधी पोलिसांकडून त्यांची चारित्र्य पडताळणी करा, असं त्यात बजावलं आहे.

२०२०च्या नियमाची भाषा कर्मचाऱ्यांची आहे, स्वयंसेवक हा शब्द तिथे नाही. त्यावर बोट ठेवून काही संस्था हात झटकतात. आमचं मत स्पष्ट आहे. समोर उभा असलेला दादा पगारपत्रकावर आहे की नाही, हे तिसरीतल्या मुलीला कळत नाही. तिच्यासाठी तो शाळेतलाच माणूस.

पोलिसांचा दाखला

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी स्वयंसेवकाने स्वतः ऑनलाइन अर्ज करायचा. ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, आणि दाखला कशासाठी हवा ते सांगणारं तुमच्या संस्थेचं पत्र तयार ठेवा. अर्ज कुठे करायचा, यात मात्र निम्मे लोक चुकतात. २०१८च्या १५ ऑगस्टपासून पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय वेगळं झालं. शाळा कोथरूडला असली तरी राहायला वाकड किंवा हिंजवडीत असलेल्याचा अर्ज तिकडे जातो. मुळशीकडच्या गावातला असेल तर पुणे ग्रामीण. नऱ्ह्याच्या पीजीत राहणाऱ्या मुलाच्या आधारवर लातूरचा पत्ता असतो, आणि पुण्यात तो आलाय आठ महिन्यांपूर्वी. अशा वेळी आम्ही दोन्हीकडची विचारपूस सुचवतो, कारण आठ महिन्यांचा कोरा कागद फार काही सांगत नाही.

आम्ही काय करतो

ओळख, पत्ता, शिक्षण आणि आधीचं काम तपासतो, न्यायालयांच्या ऑनलाइन नोंदी पाहतो आणि रेफरन्सला, म्हणजे आधीच्या कामाबद्दल सांगू शकणाऱ्या माणसाला, फोन करतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो नावात. 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत लोक चार तऱ्हांनी लिहितात. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी. आमच्याकडूनच एकदा घोळ झाला होता. एका ताईंचं आधारवरचं नाव शोधलं आणि 'काही आढळलं नाही' असा अहवाल दिला. नंतर त्याच म्हणाल्या, "माझं माहेरचं नाव तुम्ही विचारलंच नाहीत." लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून त्यांचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं. दुसऱ्यांदा शोधूनही काही निघालं नाही, पण आमचा आधीचा अहवाल अर्धाच होता. तेव्हापासून फॉर्मवर 'लग्नाआधीचं पूर्ण नाव' हा रकाना आहे. तो रिकामा ठेवू नका.

उलटही होतं. शिवाजीनगर कोर्टाच्या नोंदींत एकाच नावाचे चौघे सापडतात. वडिलांचं नाव, वय आणि पत्ता जुळल्याशिवाय आम्ही कोणावर बोट ठेवत नाही. भावकीतली जमीन, चेक बाउन्स, घरमालकाशी भांडण, असली प्रकरणं सापडली तरी अहवालात येत नाहीत. मुलांच्या सुरक्षेशी त्यांचा संबंध नाही. अल्पवयात काही घडून ते प्रकरण मिटलं असेल, तर बाल न्याय कायद्यानुसार पोलीससुद्धा दाखल्यासाठी ते उघड करत नाहीत. आम्हीही खणत बसत नाही.

रेफरन्सचा फोन उमेदवाराने दिलेल्या मोबाइलवर न करता आम्ही त्याने आधी काम केलेल्या शाळेच्या लँडलाइनवर करतो. कारण? एकदा 'मुख्याध्यापक' म्हणून दिलेल्या नंबरवर उमेदवाराचे मेहुणे बोलत होते. "चांगले आहेत हो" एवढ्यावर आम्ही फोन ठेवत नाही. कोणते वर्ग, किती दिवस, मध्येच का सोडलं, पुन्हा बोलवाल का, हे सगळं विचारतो.

शाळेच्या हातात असलेलं

दाखला कालपर्यंतचा असतो. ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही, त्याचाही तो स्वच्छच येतो. त्यामुळे अहवालासोबत आम्ही मुख्याध्यापकांना काही गोष्टी आग्रहाने सांगतो. स्वयंसेवक वर्गावर असताना शाळेच्या बाई तिथेच थांबतील. दार उघडं राहील. मुलांना स्वच्छतागृहात न्यायचं काम मावशींचंच. मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर नाहीत, पालकांचे नंबर नाहीत, शाळा सुटल्यावर 'जादा तास' नाही. आल्यागेल्याची वेळ सहीसकट रजिस्टरमध्ये. यातल्या एकालाही पैसे पडत नाहीत, तरी सगळ्यात जास्त कुरकूर इथेच ऐकू येते: "एवढे चांगले लोक येतात, त्यांना वाईट वाटेल." ज्यांना वाईट वाटतं, त्यांना हे पत्रक वाचायला द्या.

गुन्हा घडल्याचं कळलं किंवा तशी रास्त शंका आली, तर पोलिसांना कळवणं पॉक्सोनुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत. आम्हीही त्यातून सुटलेलो नाही. तपासात तसं काही हाती लागलं तर ग्राहकाची परवानगी विचारत न बसता आम्ही कळवतो. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, पोलीस ११२.

सुरुवात कशी करायची

स्वयंसेवकाची सही असलेलं संमतीपत्र लागतं. त्याशिवाय फाइल उघडत नाही. आधारची झेरॉक्स व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार आम्हाला पुरतं. अहवाल बंद पाकिटात, शाळेने नेमलेल्या एकाच व्यक्तीच्या हाती देतो, आणि त्याची प्रत स्वयंसेवकाने मागितली तर त्यालाही. त्यात काही चुकलं असेल तर त्याने सांगावं, पुन्हा तपासण्याचे पैसे घेत नाही.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. कागद एप्रिलअखेर आले तर आम्हाला आणि पोलीस चौकीलाही पुरेसा वेळ मिळतो. दर मागच्या बाजूला छापले आहेत. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना ते निम्मे.